लोगो आमचा, मालक दुसराच

मागच्या दिवाळीपासून आमच्या घरात मसाल्यापेक्षा लोगोचाच ठसका जास्त लागतोय.

बायको २०१६ पासून सावजी मसाला करून विकते. मिरची भिवापुरी, नाव तिच्या आजीचं. साध्या पिशवीवर झेरॉक्सचं लेबल चिकटवायचं, एवढाच थाट. नागपुरात सक्करदऱ्यातल्या एका किराणावाल्यानं मात्र तोंडावर सांगितलं, "वहिनी, मसाला एक नंबर, पण पाकीट दवाखान्याच्या पुडीसारखं दिसून राहिलं ना." ते तिच्या मनाला लागलं आणि आम्ही धरमपेठेतल्या एका ब्रँडिंगवाल्याकडे गेलो. त्याचं नाव इथे देत नाही, वकिलांनी तसं बजावलंय.

गडी बोलायला गोड. एसी, मोठा पडदा, कॉफी. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ १९७१ मध्ये शेखर कामत यांनी कसं केलं, नाइकेचं चिन्ह त्याच वर्षी कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीनं ३५ डॉलरमध्ये कसं काढलं, सगळं सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर भुललो. पॅकेज ६५ हजारांचं: लोगो, पाकिटाचं डिझाइन, ब्रँड गाइडलाइन आणि 'ट्रेडमार्कसकट', म्हणजे नाव-लोगोची सरकारी नोंदणीही त्यातच. ४० हजार तिथेच यूपीआयनं दिले. करार नाही, पक्कं बिल नाही. व्हॉट्सॲपवर "ओके डन सर", बस.

तीन आठवड्यांत लोगो आला. ज्वाळेसारखी वळलेली लाल मिरची, खाली आजीचं नाव. बायको खूश. सोबत ४२ पानांची गाइडलाइन: लोगोभोवती जागा किती सोडायची, लाल नेमका कोणता, अक्षर कोणतं. ही असली शिस्त कामाची असते, हे मी आजही मानतो. पाकीट, बिल, पाटी, टेम्पोची मागची बाजू, सगळीकडे एकच लाल आणि एकच अक्षर दिसलं की गिऱ्हाईक लांबून ओळखतं. फक्त आमच्या पान १७ वर एका कोचिंग क्लासचं नाव तसंच राहिलं होतं. "टायपो आहे सर," म्हणाला. आम्ही हसलो. तिथेच थांबायला पाहिजे होतं.

मग गांधीबागेत पाउचवाल्याकडे गेलो. त्यानं फाइल उघडली आणि मान हलवली. "भाऊ, ही जेपीजी हाय, म्हणजे फोटो. मोठा केला का कडा फुटतेत. ओपन फाइल आणा, कोरलची." ओपन फाइलमध्ये, म्हणजे कोरलसारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या मूळ फाइलमध्ये, चित्र रेघांच्या हिशेबात साठवलेलं असतं, त्यामुळे कितीही ताणलं तरी धार जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. डिझायनर म्हणाला, ओपन फाइल पॅकेजमध्ये नाही, १५ हजार वेगळे. घासाघीस करून आठ दिले. पाउचच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा कोरलेला रूळ, लागतो, आणि आमच्या मिरचीत लालचा केशरी होत जाणारा. सहा रंग, सहा सिलिंडर, ३३ हजार. दोन रंगांत बसेल असा लोगो असता तर हा खर्च किती वाचला असता, हे त्या गोडबोल्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

पाकिटं छापून आली. एका रविवारी भाच्यानं जेवता जेवता मोबाइलचा गूगल लेन्स त्या मिरचीवर धरला. "मामा, हे पाहा." तीच मिरची, तोच बाक, तीच ज्वाळा. एका ग्रिलवाल्याच्या पाटीवर, एका चटणीच्या बाटलीवर, आणि शेवटी चित्रं विकणाऱ्या साइटवर, जिथून ती कोणीही घेऊ शकतो. अशा तयार चित्रावर विकत घेणाऱ्या कोणा एकाचाच हक्क बसत नाही. ऑनलाइन डिझाइन करायचं कॅनव्हा ॲपसुद्धा आपल्या अटींत सांगतं की साठ्यातलं चित्र वापरून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. ३५ डॉलरचं का असेना, नाइकेचं चिन्ह नाइकेसाठी काढलेलं होतं!

खरा घाव पुढेच होता. ट्रेडमार्कचा अर्ज क्रमांक त्यानं दिला होता, पण आम्ही तो कधी तपासलाच नव्हता. आयपी इंडिया या ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी साइटवर क्रमांक टाकला की अर्जाची स्थिती फुकट दिसते. टाकला. वर्ग ३०, म्हणजे मसाल्याचाच. आजीचं नाव, मिरची, सगळं बरोबर. अर्जदाराच्या रकान्यात मात्र त्या डिझायनरचं नाव. बायको बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. तिच्या आजीचं नाव एका परक्या माणसानं स्वतःच्या नावावर लावलं होतं, आणि त्याची फी आमच्याकडूनच घेतली होती. फोन केला तर म्हणाला, "प्रोसिजर आहे सर, नंतर ट्रान्सफर करून देतो, त्याचे वेगळे लागतील." वर पाकिटावर गोलातला आर छापून ठेवलेला. तो नोंदणी झाल्यावरच वापरता येतो, आधी वापरला तर कायद्यात दंड आहे. म्हणजे उद्या नोटीस आली असती तर आम्हालाच.

वकिलांनी समजावलं ते जसंच्या तसं लिहितो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलाकृतीचा हक्क सोपवायचा तर लेखी हवं आणि त्यावर सही हवी, नुसते पैसे देऊन भागत नाही. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला ट्रेडमार्कच्या अर्जाला एका वर्गाची ऑनलाइन सरकारी फी ४,५०० रुपये. डिझायनरनं त्याचे १४ हजार लावले होते. त्याचा अर्ज सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला तर चार महिन्यांत विरोध करता येतो, आणि आधीपासून नाव कोण वापरतंय हे दाखवायला जुनी बिलं लागतात. नशीब, बायकोनं २०१६ पासूनच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात जपल्या होत्या. मी तिला त्या डब्यावरून किती वेळा टोमणे मारले असतील!

पोलिसांनी अर्ज घेतला, पुढे हालचाल नाही. ग्राहक आयोगात धंद्यासाठीचा व्यवहार चालत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी केलेल्या व्यवहाराला सूट आहे. तिथे प्रकरण टाकतोय.

नवीन लोगो चित्रकला महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीनं केलाय. मिरची नाही, ज्वाळा नाही. आजीचं नाव हातानं काढलेलं, शिरोरेषा जरा जाड, एकाच रंगात. आधी स्टॅम्प पेपरवर हक्क लिहून घेतले, ओपन फाइल घेतली, मग उरलेले पैसे दिले. ती हसत होती, "काका, एवढं कोणी नाही करत." ट्रेडमार्कचा अर्ज बायकोच्या नावानं, तिच्याच लॉगिनवरून, तिच्या शेजारी बसून भरला.

जुनी पाकिटं अजून चार पोती आहेत. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं मिरचीवर आणि त्या गोलातल्या आरवर स्टिकर चिकटवत बसतो. स्टिकर एक रुपया ऐंशी पैशाला पडतो.