सात ट्रकचे कागद आणि एक फ्लीट सॉफ्टवेअर: वर्षभर वापरल्यानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, उचलायचं आणि पुणे, होसूर, चेन्नईला पोचवायचं, हा आमचा धंदा. गाड्या सात, सगळ्या एमएच ०९, बहुतेक दहा चाकी. गाड्यांचे कागद, ड्रायव्हरांची लायसन्सं, ई-वे बिलं (माल नेताना लागणारे जीएसटीचे ऑनलाइन कागद) आणि जीपीएस एकाच ठिकाणी दिसावं म्हणून आम्ही एक फ्लीट सॉफ्टवेअर घेतलं, त्याला आता वर्ष होत आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. या जातीची सॉफ्टवेअरं बाजारात पुष्कळ आहेत आणि खाली लिहिलेलं बरंचसं त्या सगळ्यांना लागू पडेल.

पैसे वसूल झाले का? झाले. दर गाडीमागे महिन्याचा खर्च दोन-तीन लिटर डिझेलएवढा आहे आणि एक गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याच्या कितीतरी पट नुकसान होतं. पण विकणारा माणूस जे सांगून विकतो, म्हणजे 'तारीख जवळ आली की मोबाईलवर मेसेज येईल', तेवढ्यावर विसंबलात तर गाडी उभी राहणारच.

कारण असं की ट्रकचे कागद एकमेकांत अडकलेले असतात. पासिंगला, म्हणजे गाडीच्या सरकारी फिटनेस तपासणीला, गाडी न्यायची तर विमा चालू हवा, पीयूसी (धुराचं सर्टिफिकेट) चालू हवी, टॅक्स भरलेला हवा. आठ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीचा पर्यावरण कर वेगळा, तो हमखास विसरला जातो. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली हवी. थकलेली चलनं मिटवलेली हवीत. पासिंग झालं की मगच नॅशनल परमिटचं, म्हणजे राज्याबाहेर माल न्यायच्या परवान्याचं, वर्षाचं ऑथरायझेशन सुरळीत होतं. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक कागदाचा पंधरा दिवस आधी स्वतंत्र मेसेज पाठवतं. पासिंगचा मेसेज आला तेव्हा गाडी चेन्नईच्या वाटेवर, परत यायला आठवडा, आल्यावर विम्याचं काम, मग अपॉइंटमेंट. पंधरा दिवस त्यातच संपतात. उशीर झाला की केंद्रीय नियमाप्रमाणे दिवसाला ५० रुपये जादा फी लागते, पण खरा तोटा त्या ५० रुपयांचा नसतो. पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर काढता येत नाही आणि काढू नये.

म्हणून आम्ही मूळ तारखा सोडून आपल्या तारखा भरल्या. पासिंग हा मुख्य कागद धरला आणि तिथून उलटं मोजत गेलो: पासिंगच्या दोन महिने आधी टॅक्स आणि चलनं, दीड महिना आधी विमा आणि पीयूसी तपासणं, महिनाभर आधी गाडीला लांबचा लोड न देणं. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला पासिंग दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी, म्हणून जुन्या गाड्यांचा गट वेगळा केला. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये 'इतर स्मरण' नावाच्या कोपऱ्यात आहे. माझ्या मते सगळ्या पॅकेजमधली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे आणि डेमोमध्ये ती कुणी दाखवत नाही.

पासिंगला जे प्रत्यक्ष गाडीवर बघतात त्याची मात्र कुठेच जागा नव्हती. रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. मागचा आणि बाजूचा संरक्षक बार. स्पीड गव्हर्नर (वेगाला मर्यादा घालणारं यंत्र) आणि त्याचं सर्टिफिकेट. ही यादी आम्ही स्वतः बनवून प्रत्येक गाडीच्या पानावर चढवली. तुमच्याकडे सॉफ्टवेअर नसलं तरी ही यादी भिंतीवर लावा.

आता ड्रायव्हरांच्या लायसन्सकडे या, कारण इथे सॉफ्टवेअरने आम्हाला गोत्यात आणलं असतं. लायसन्सवर दोन तारखा असतात, एक खाजगी गाड्यांची आणि एक ट्रान्सपोर्टची. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची आणि खाजगीची त्याहून बरीच लांब. नंबर टाकल्यावर सॉफ्टवेअर आपोआप माहिती ओढतं, आणि आमच्या दोन ड्रायव्हरांच्या बाबतीत त्याने लांबची तारीख उचलली. पडद्यावर हिरवा टिळा, आणि प्रत्यक्षात ट्रान्सपोर्टची मुदत संपायला थोडेच दिवस राहिलेले. आमच्या मुनीमजींनी लायसन्सची कार्डं हातात घेऊन ताडून बघितली म्हणून सापडलं. कंपनीला कळवलं, त्यांनी दुरुस्ती केली, तरी माझं सांगणं हेच: प्रत्येक ड्रायव्हरचं कार्ड एकदा डोळ्यांनी वाचा. विम्याचंही तसंच. नवीन पॉलिसी काढल्यावर काही दिवस जुनीच तारीख दिसत राहते.

हे एवढं जपायचं कशासाठी, असं काही मालकमंडळी विचारतात. दंड भरू म्हणतात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून दंडाचे नवे आकडे आले, ते सोसतीलही एखादे वेळी. पण अपघातात कुणी दगावलं तर विमा कंपनी पहिल्यांदा कागदच काढून बघते. परमिट नसलेल्या ट्रकच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की विमा कंपनीने भरपाई आधी त्या कुटुंबाला द्यावी आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करावी. एक-दोन गाड्यांचा मालक त्यात घरादारासकट बुडतो.

रस्त्यावर कागद दाखवण्याबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. २०१८ पासून कागद मोबाईलवर दाखवलेले चालतात, पण ते डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधले. खाजगी सॉफ्टवेअरमध्ये चढवलेला आरसीचा फोटो हा नुसता फोटोच. आम्ही प्रत्येक ड्रायव्हरच्या फोनवर एमपरिवहन घालून दिलं आणि मालकाच्या खात्यातून त्या-त्या गाडीची आरसी त्यांना शेअर केली. आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आधी म्हणाले, "मालक, फाईल असू दे की, फोन बंद पडला तर?" त्यांचं बरोबर आहे. फाईलही गाडीत ठेवलेली आहे.

ई-वे बिलाचा भाग मला सगळ्यांत आवडला. २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने चेन्नईच्या फेरीला साधारण पाच दिवस मिळतात, आणि मुदत सुरू होते ती पार्ट बी मध्ये गाडी नंबर पहिल्यांदा भरला तेव्हापासून. फाउंड्रीवाले बिल बनवताना पार्ट बी लगेच भरून टाकतात, मग माल चढायला रात्र होते आणि मुदतीतला वेळ गेटवरच खर्ची पडतो. आता आम्ही त्यांना सांगून ठेवलंय की पार्ट ए, म्हणजे मालाची माहिती, तुम्ही भरा, गाडी काट्यावरून उतरली की पार्ट बी आम्ही भरतो. मुदत वाढवायला संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वेळ असतो, आणि सॉफ्टवेअर गाडीचं ठिकाण बघून बरोबर त्या वेळेत फोन वाजवतं, अगदी रात्री दोनलासुद्धा. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घेतला तर नवा नंबर भरायची आठवणही करतं. पकडलं गेल्यावर कराच्या दुप्पट दंड बसू शकतो, तेव्हा झोपमोड परवडली.

वजनाच्या बाबतीत सॉफ्टवेअरचा उपयोग शून्य. कास्टिंग हा वजनी माल, गाडी अर्धी रिकामी दिसते आणि काटा भरलेला असतो. जुलै २०१८ मध्ये दहा चाकीची गाडीसकट एकूण वजनाची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली, म्हणून काहीजण कुठल्याही गाडीत तेवढं भरतात. आम्ही आरसीवर छापलेला आकडाच धरतो. जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा कायद्यातला दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो तो वेगळा. काटा पावतीचा फोटो आल्याशिवाय बिल्टी (माल वाहतुकीची पावती) फाडायची नाही, असा नियम आम्ही केलाय.

शेवटचा मुद्दा जीपीएसमधल्या तासांचा. ड्रायव्हर किती तास सलग चालवतोय हे सॉफ्टवेअर दाखवतं, पण 'गाडी थांबली' याचाच लाल इशारा देतं, 'गाडी थांबली नाही' याचा देत नाही. म्हणजे ते मालकाच्या घाईसाठी बनवलंय. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती घालून दिली होती. ते माप डोळ्यांपुढे ठेवून आम्ही पाच तास चाक फिरत राहिलं तर ऑफिसला मेसेज यावा, अशी मागणी कंपनीकडे केली. दोनदा पाठपुरावा केल्यावर त्यांनी सोय करून दिली. मेसेज आला की आम्ही ड्रायव्हरला फोन करतो आणि पुढच्या ढाब्यावर गाडी लावायला सांगतो. पार्टीला उशीर कळवायचं काम आमचं.

दोन-तीन गाड्या असतील तर हे घेऊ नका. एक वही, एमपरिवहन आणि ई-वे बिलाचं पोर्टल पुरेसं आहे. पाचाच्या वर गाड्या आणि लांबचे लोड असतील तर घ्या, पण घेताना तीन गोष्टी विचारा: आपल्या तारखा भरता येतात का, लायसन्सची ट्रान्सपोर्टची तारीख वेगळी दिसते का, आणि सोडताना सगळी माहिती एक्सेलमध्ये परत मिळते का. आम्ही पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत.