डेक्कन क्वीनची डायनिंग कार: कटलेट चांगलं, समोर कोण येऊन बसेल ते मात्र नशीब

आधीच सांगते, हा रिव्ह्यू डेक्कन क्वीनचा नाहीये, फक्त तिच्या डायनिंग कारचा आहे. गाडीबद्दल पुणेकर इतकं बोलून बसलेत की मी काय अजून भर घालणार, दर १ जूनला तिचा वाढदिवस असतो आणि लोक सकाळी सकाळी पुणे स्टेशनात जाऊन केक कापतात, एवढं कौतुक पुण्यात जावयाचंही होत नाही. १९३० साली सुरू झालेली ही पुणे-मुंबई गाडी, म्हणजे नव्वदी कधीच पार झाली, आणि तेव्हापासून जे टिकलंय त्यातली ही डायनिंग कार. पेंट्री कार नव्हे हां, पेंट्रीतून माणूस ट्रे घेऊन आपल्याकडे येतो, इथे आपण उठून त्या डब्यात जायचं, टेबलाशी बसायचं, ऑर्डर द्यायची आणि प्लेटमध्ये काट्याचमच्याने खायचं. २०२२ च्या जूनमध्ये गाडीला नवे एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचे, डबे लागले तेव्हा ही पण नवी झाली, आधी ३२ जण बसायचे आता ४० बसतात. जुन्या डब्याची सर नाही असं म्हणणारे लोक भेटतील, ते लोक प्रत्येक बाबतीत तसंच म्हणतात, सोडून द्या.

खायला काय तर ऑम्लेट, कटलेट, चीज टोस्ट, बेक्ड बीन्स, असं सगळं साहेबी थाटाचं. मी कटलेटवाली आहे. बाहेरून खरपूस, आतून मऊ, आणि गरम, एवढं गरम की पहिला घास घाईत घेतला की टाळू भाजलीच समजा. चीज टोस्ट आल्या आल्या खायचं, गप्पा मारत बसलात तर चीजचं रबर होतं आणि त्यात डायनिंग कारचा काही दोष नाही. चहा चहासारखा. खरं सांगायचं तर नुसत्या चवीसाठी जायचं असेल तर दादरला उतरून दहा ठिकाणं सांगेन मी. इथली मजा वेगळी आहे, घाटात गाडी वळताना खिडकीतून आपलीच गाडी पुढे दिसते आणि प्लेट हळूच दोन बोटं सरकते, तेवढ्यात सॉसची बाटली धरायची असते.

आणि दुसरी मजा म्हणजे टेबल शेअर करावं लागतं. इथल्या जागेचं वेगळं बुकिंग नसतं, रिकामी खुर्ची दिसली की "इथे कोणी आहे का हो" विचारायचं आणि बसायचं. त्यामुळे समोर कोण येईल ते आपल्या हातात नाही. मंत्रालयात फाइल घेऊन निघालेला माणूस येईल, हायकोर्टातले वकील येतील, आणि कधीतरी, अगदी कधीतरी, टीव्हीवरचा माणूस येईल. हे कधीतरी पूर्वी बरंच जास्त होतं असं आई सांगते. २००२ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि पुण्यात घर आणि मुंबईत काम असलेली सगळी नट मंडळी आपापल्या मोटारींमध्ये जाऊन बसली. आता ती दिसतात ती एक्सप्रेसवेवरच्या फूड मॉलवर, काळ्या काचांच्या गाडीतून उतरून टॉयलेटकडे जाताना, आणि तिथे काय होतं ते मी बघितलंय. एका हिरोला वडापाव हातात घेऊन पंधरावीस जणांसोबत सेल्फी द्यावे लागले, वडा त्याने खाल्लेला मी तरी नाही बघितला. त्याला भेटणं म्हणायचं का? कोणी त्याला काही विचारलं नाही आणि तोही काही बोलला नाही.

तर गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुंबईहून संध्याकाळची ५.१० ची डेक्कन क्वीन, मी आणि आई. एक्सप्रेसवेला घाटात ट्रॅफिक तुंबलंय असं सगळ्यांच्या फोनवर येत होतं त्यामुळे गाडी खच्चून भरलेली. कल्याणच्या आसपास आम्ही डायनिंग कारमध्ये जाऊन बसलो, ऑर्डर दिली, आणि समोर एक गृहस्थ येऊन उभे राहिले, साधा चेक्सचा शर्ट, भिजलेली छत्री, ती कुठे ठेवायची ते कळत नव्हतं म्हणून दोन हातात आडवी धरलेली. "बसू का?" आई म्हणाली "बसा की". मग मी वर बघितलं आणि माझा घसाच कोरडा पडला. नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका, एवढंच सांगते की आमच्या पिढीने लहानपणी ज्यांना बघून उशीत तोंड लपवलंय त्यातले एक. सिनेमात त्यांनी शेतं हडप केली, सुना घराबाहेर काढल्या, एकदा तर देवळाची दानपेटी फोडली. आणि ते इथे माझ्या आईला विचारत होते, "हा सॉस तुम्ही घेताय की मी घेऊ?"

आवाज! पडद्यावर तो आवाज आला की थेटरात शिव्या पडायच्या. त्या आवाजात सॉस मागितलेला ऐकून मला हसू आवरेना, मी खिडकीबाहेर बघायला लागले. आईला मात्र असलं काही कळत नाही. तिने नीट निरखून बघितलं, चष्मा वर केला खाली केला, आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही त्या बिचारीला फार छळलंत हो." शेजारच्या टेबलावर पत्ते खेळणारे पासवाले, म्हणजे रोज पासावर ये-जा करणारे, होते त्यांनी एकदा वळून बघितलं आणि परत पत्त्यात डोकं घातलं. पासवाल्यांचं हे असंच असतं, समोर राष्ट्रपती आले तरी ते आधी आपली जागा गेली नाही ना ते बघतील. ते गृहस्थ मात्र कटलेटचा तुकडा काट्यावर तसाच ठेवून म्हणाले, "काय करणार वहिनी, पैसे त्याचेच मिळायचे." आणि मग दोघांचं जे सुरू झालं ते लोणावळ्यापर्यंत. सिनेमाबद्दल फार कमी. गुडघे, आयुर्वेदिक तेल, सोसायटीच्या लिफ्टचा मेंटेनन्स, आणि कर्जतला घाट चढायला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उतरून दिवाडकरांचा वडा आणणं आता झेपतं की नाही. त्यांचं म्हणणं की झेपत नाही पण मोह होतो. मी एकच प्रश्न विचारला, लोक तुम्हाला घाबरायचे का खरंच, तर म्हणाले मुलीच्या शाळेत गॅदरिंगला गेलो की पुढच्या रांगेतली लहान मुलं रडायची म्हणून मागे भिंतीशी उभा राहायचो.

बिलाच्या वेळी अजून गंमत. पळसदरी सोडली की घाट आणि बोगदे सुरू, नेटवर्क जातं येतं. त्यांनी फोन काढला, यूपीआय उघडलं, ते गोल गोल फिरत बसलं, बोगदा संपला, परत रेंज आली, परत बोगदा. हा घाट १८६३ पासून तिथेच आहे, त्याला मोबाईलचं काय सोयरसुतक. शेवटी आईने पर्समधून नोटा काढल्या आणि त्यांचंही देऊन टाकलं. ते एवढे ओशाळले, म्हणाले नंबर द्या पुण्यात उतरल्यावर पाठवतो, आई म्हणाली राहू द्या हो, इतकी वर्षं फुकट भीती घातलीत त्याचे धरा. हे गणित मला अजून कळलेलं नाही. फोटो काढायचं दोघींनाही सुचलं नाही, म्हणजे मला सुचलं होतं पण समोर माणूस रुमालाने मिशीचा सॉस पुसत असताना फोन कसा काढणार.

यावरून मला ती वॉशिंग्टनची जोशुआ बेलची गोष्ट आठवते. हा जगातल्या नावाजलेल्या व्हायोलिनवाल्यांपैकी एक, २००७ च्या जानेवारीत तिथल्या एका पेपरने त्याला सकाळच्या गर्दीत मेट्रो स्टेशनात उभं केलं, टोपी घालून, हातात १७१३ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन. पाऊण तासाला जरा कमी एवढा वेळ तो वाजवत होता, समोरून १,०९७ माणसं गेली, थांबून ऐकलं फक्त सात जणांनी, आणि जमले ३२ डॉलर नि थोडे सुटे. ओळखलं एकीनेच, तेही शेवटी. ही गोष्ट सांगितली की लोक लगेच अरेरे म्हणतात, माणसाला सौंदर्याची किंमत नाही वगैरे. मला नाही पटत. सकाळी ऑफिसला उशीर होत असेल तर मीही थांबणार नाही, दारात स्वतः तानसेन उभा असला तरी. त्या माणसांना बसायला जागा नव्हती, हातात प्लेट नव्हती, आणि कर्जत यायला अर्धा तास नव्हता. डायनिंग कारमध्ये हे तिन्ही आहे, आणि शिवाय समोरच्याला उठून पळता येत नाही कारण त्याचं ऑम्लेट अजून यायचंय.

अर्थात मुद्दाम कोणी भेटेल म्हणून जाऊ नका, मी नंतर गेले तेव्हा समोर एक कॉलेजचा मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता आणि त्याने सॉसही विचारला नाही. ज्यांना नजारा हवाय त्यांच्यासाठी २०२१ पासून या गाडीला विस्टाडोम डबा लागतो, मोठ्या काचा, वर पण काच, पण तिकीट वेगळं आणि महाग. मी म्हणेन साध्या चेअर कारचं तिकीट काढा आणि उठून डायनिंग कारमध्ये जा, घाट तोच आहे.

आता कामाचं. पुण्याहून सकाळी ७.१५ ला निघणाऱ्या गाडीत नाश्त्याला झुंबड असते, ऑफिसवाले सगळे, बोलायच्या मूडमध्ये कोणी नसतं. संध्याकाळची घ्या, जून ते ऑगस्टमध्ये, घाटातल्या ठाकुरवाडी ते मंकी हिलच्या पट्ट्यात उजेड शिल्लक असतो आणि दोन्हीकडे धबधबे. कल्याणच्या आधीच जागा धरा, कर्जतनंतर आलात तर उभं राहून दुसऱ्यांची प्लेट बघावी लागेल. खिडकीकडची खुर्ची आईवडिलांना द्या, आपण आतल्या बाजूला बसा, वेटरला हाक मारायला सोपं पडतं. ओळखीचा चेहरा समोर आला तर आधी सॉस पुढे करा, बाकीचं आपोआप होतं. आणि रोख पैसे ठेवा, दोघांचं बिल भागेल एवढे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो चहासाठी. आईला विचाराल तर ती पाच देते आणि वर सांगते की तिचे कटलेटचे पैसे अजून येणं आहेत.