पोर्तोकालोपिता शिकायला नागपूरला धरमपेठेत गेले, त्या क्लासचा सविस्तर रिव्ह्यू

ज्यांना फक्त जावं की नाही एवढंच विचारायचंय त्यांना आधीच सांगते, जा. फी १५०० रुपये, रविवारी सकाळी दहा ते अडीच, आम्ही सात जणी आणि इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता, आणि निघताना प्रत्येकाला डब्यात चार-चार तुकडे बांधून दिले. क्लास घरगुती आहे, धरमपेठेत एका ताईंच्या घरी पहिल्या मजल्यावर, बोर्ड नाही काही नाही, ओळखीओळखीतून कळतं. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण त्यांना एका वेळी आठच्या वर माणसं नको असतात.

आता पदार्थ काय ते. पोर्तोकालोपिता म्हणजे ग्रीसमधला संत्र्याचा पाकातला केक. पोर्तोकाली म्हणजे संत्रं, पोर्तुगालच्या नावावरून आलेला शब्द आहे तो, आणि पिता म्हणजे इंग्रजीतला पाई (pie), भरलेला किंवा थरांचा भाजलेला पदार्थ. पण मजा अशी की ग्रीक लोक कडू संत्र्याला नेरांत्झी म्हणतात, आणि ती नेरांत्झी नि आपली नारिंगी एकाच घरातल्या, संस्कृतातला नारंग फारसी-अरबीतून फिरत फिरत तिकडे पोचला. ताईंनी हे सुरुवातीलाच सांगितलं आणि मला तिथेच एकदम जवळचं वाटायला लागलं सगळं.

केकमध्ये वेगळा मैदा घालतच नाहीत. फिलो नावाच्या कागदासारख्या पातळ पाऱ्या मिळतात (फिलो म्हणजे ग्रीकमध्ये पान), त्या वाळवायच्या, हातानं फाडायच्या आणि अंडी, दही, तेल, साखर, संत्र्याचा रस आणि किसलेली साल यांच्या मिश्रणात सोडायच्या. भाजल्यावर गरम केकवर गार पाक. वरून थोडं खरपूस, आतून पाक प्यायलेलं मऊ, साधारण पाकातल्या चिरोट्याचं आणि ब्रेड पुडिंगचं लग्न लावल्यासारखं.

मी गेले कारण डिसेंबरात घरी व्हिडिओ बघून केला होता आणि तो कडू झाला. थोडा नाही, चांगला कडू, गिळताना घशाशी लागेल असा. संत्री काटोलची, आमच्या दिरांच्या ओळखीच्या बागेतली, खायला साखरेसारखी गोड. दोनदा केला, दोन्ही वेळा तेच. एवढी चांगली संत्री वाया गेली याचं फार वाईट वाटलं होतं, म्हणून मैत्रिणीनं या क्लासचं सांगितल्याबरोबर नाव दिलं.

आणि खरं सांगते, १५०० रुपये मी फक्त या एका उत्तरासाठीही दिले असते. ताई म्हणाल्या, "अगं, रेसिपी त्यांच्या संत्र्याची आहे आणि तू करून राहिली आपल्या संत्र्याची." ग्रीसमध्ये, म्हणजे अर्गोलिसमध्ये, क्रीटमध्ये ज्या बागा आहेत त्यात नेव्हल जातीची फळं खूप, जाड घट्ट सालीची, बिया नसलेली. ते फळ जातीनं आपल्या मोसंबीच्या, माल्ट्याच्या गोतातलं. नागपुरी संत्रं म्हणजे मँडरिन, साल सुटी, बिया भरपूर. आपल्या संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं, रस काढल्या काढल्या लागत नाही, ठेवला किंवा उकळला की हळूहळू चढतं. मी काय केलं होतं, सोललेल्या फोडी बियांसकट मिक्सरला फिरवल्या, रस गाळला, आणि पाकात टाकून दहा मिनिटं खळखळ उकळला. कडू होणारच होता. इतकी वर्षं संत्र्याच्या गावात राहून हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी उपाय करून दाखवला, नुसता सांगितला नाही. संत्रं आडवं कापायचं, काचेच्या लिंबू पिळणीवर हलक्या हातानं दाबायचं, बी चिरडली जाता कामा नये, लगेच गाळायचं आणि लगेच वापरायचं. पाकासाठी साखर-पाणी-दालचिनी आधी उकळून घ्यायची, गॅस बंद करायचा, जरा निवलं की मग रस. रस उकळायचाच नाही. वरून अर्धं लिंबू, कारण आपल्या रसाला त्या गोडापुढे आंबटपणा कमी पडतो आणि शिवाय पाक साखरत नाही, हे तर आपल्या आज्याही करायच्या.

सालीचं पण तसंच. केकला वास येतो तो रसामुळे कमी आणि सालीतल्या तेलामुळे जास्त. पण आपल्या संत्र्याची साल पोकळ, किसणीवर धरली की आत दबते आणि खालचा पांढरा भाग येतो, तोही कडू. त्यांची युक्ती अशी, संत्री कडक बघून घ्यायची (पिलपिलीत नको), कोमट पाण्यानं चोळून धुवायची, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची आणि अख्खी असतानाच बारीक किसणीवर फक्त केशरी रंग उतरवायचा. आणि ती साल साखरेत टाकून बोटांनी चोळायची. बाप्पा, काय वास सुटला त्या हॉलमध्ये, खालच्या मजल्यावरचे काका जिन्यातून विचारून गेले काय चाललंय म्हणून.

दह्याचं आम्हाला सगळ्यांनाच पटकन कळलं. ग्रीक दही म्हणजे गाळलेलं दही, आपला चक्काच, फक्त श्रीखंडाच्या चक्क्याइतका कोरडा नाही. त्यांनी घरचं दही फडक्यात दोन तास टांगून घेतलं होतं. वजनाप्रमाणे तयार ग्रीक योगर्टपेक्षा अर्ध्याहून कमी पैशात झालं.

प्रमाण त्यांनी दिलं ते असं: फिलोचं ४५० ग्रॅमचं पाकीट, ४ अंडी, २०० ग्रॅम साखर, २०० मिली बिनवासाचं तेल, २५० ग्रॅम टांगलेलं दही, २०० मिली रस, चार संत्र्यांची साल, चार चहाचे चमचे बेकिंग पावडर. पाकाला ४०० ग्रॅम साखर आणि ३०० मिली पाणी, नंतर १०० मिली रस. बेकिंग पावडर जास्त वाटते पण फिलोचा भार उचलायला तीच आहे, दुसरं काही नाही. ओव्हन १७५ डिग्री, पाऊण तास.

फिलो वाळवण्यावर त्या फार जोर देतात आणि तो बरोबर आहे. पाऱ्या अकॉर्डियनसारख्या चुण्या पाडून ट्रेमध्ये पसरायच्या, १०० डिग्रीवर वीस मिनिटं, हातात घेतल्यावर पापडासारख्या मोडल्या पाहिजेत. ओल्या राहिल्या तर मिश्रणात गोळा होतात आणि खाली पिठूळ थर बसतो. आणि मिश्रणात एकदम ओतायच्या नाहीत, मूठ मूठ टाकत हलवायचं, म्हणजे प्रत्येक तुकड्याला मिश्रण लागतं.

पाकाच्या वेळी थोडी चर्चा झाली. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या गुलाबजामला तर दोन्ही गरम लागतं मग इथं काऊन गार. ताईंनी एका छोट्या वाटीत गरमवर गरम घालूनच दाखवलं, पाच मिनिटांत वरचा भाग लगदा. गार पाक हळूहळू उतरतो आणि थर टिकतात. ओगराळ्यानं थोडा घालायचा, पिऊ द्यायचा, परत घालायचा, पंधरा-वीस मिनिटं लागतात, घाई करायची नाही. पाक एकतारी नको, बोटाला नुसता चिकट लागला की बस, एकतारी केला तर वरच बसून राहतो. मला पाकाचा अंदाज सासूबाईंमुळे आहे, त्यामुळे हा भाग सोपा गेला, पण बाकीच्या दोन-तीन मुली तारेचं ऐकूनच घाबरल्या होत्या, त्यांना प्रत्येकीला ताईंनी वेगळं करायला लावलं. शिकवण्याची ही पद्धत मला सगळ्यात आवडली. हात लावू देतात, चुकू देतात आणि मग का चुकलं ते सांगतात.

आता जे खटकलं ते. ओव्हन एकच आहे, तोही मध्यम साइजचा, त्यामुळे दुसरा ट्रे होईपर्यंत पाऊण तास नुसतं बसून होतो, त्या वेळात चहा-पोहे दिले, गप्पा झाल्या, पण तेवढ्यात अजून एखादा पाकातला प्रकार तोंडी तरी सांगता आला असता, ग्रीसमध्ये रव्याची रवानी असते ती तर आपल्याकडे सहज होईल. रेसिपीचा छापील कागद कपात आहे, वर दिलेले ग्रॅम आम्ही विचारून विचारून लिहून घेतले, कागदावरच द्यायला हवे होते. बिनअंड्याचं विचारलं तर स्पष्ट सांगितलं की मी केलं नाहीये म्हणून शिकवणार नाही. ते प्रामाणिक आहे, पण नागपुरात निम्म्या घरांत हाच पहिला प्रश्न असतो तर त्यांनी ते मनावर घ्यावं अशी माझी मनापासून विनंती आहे. गाडी लावायला जागा नाही, टू-व्हीलरनंच जा.

फिलोचं वेगळं सांगावं लागेल कारण घरी करायला बसलं की सगळं तिथेच अडतं. क्लासमध्ये त्यांनी फ्रोजन पाकिटं आणली होती. मी नंतर एका ऑनलाइन दुकानातून मागवलं तर वितळून आलं, पाऱ्या कडेनं चिकटलेल्या, मधून फाटलेल्या, पैसे परत मिळायला नऊ दिवस लागले. बकलावा करायचा असता तर ते पाकीट गेलंच होतं. पण हा पदार्थ मुळात फाटक्या-वाळक्या फिलोचाच आहे, उरलेल्या पाऱ्या संपवण्यासाठी घराघरात करतात असं म्हणतात, त्यामुळे मी सगळं सोडवून वाळवलं आणि वापरलं, काही फरक पडला नाही. नंतर सदरला एका इम्पोर्टेड सामानाच्या दुकानात मिळालं, फोन करून विचारूनच जा, नेहमी नसतं. आणल्यावर रात्रभर फ्रीजच्या खालच्या भागात ठेवायचं, बाहेर वितळवायचं नाही, नाहीतर पाऱ्यांना घाम येतो.

घरी मागच्या शनिवारी केला. अजिबात कडू नाही. सासूबाईंनी (त्या अंडं खातात, फक्त श्रावणात नाही) पहिला घास घेऊन विचारलं की हे चिरोटे फोडून घातले का. मी फिलोचं सांगितलं तर म्हणाल्या पुढच्या वेळी पारी मी लाटून देते, साटा न लावता, पातळ. त्यांच्या हातची चिरोट्याची पोळी मी बघितलेली आहे, आरपार दिसतं, त्यामुळे हे होऊ शकतं असं मला खरंच वाटतं. करून बघितलं की लिहीनच.

एक गोष्ट क्लासमध्ये नीट कळली नाही ती घरी कळली, दुसऱ्या दिवशी चव जास्त चांगली लागते. क्लासमध्ये तासाभरात खाल्ला तेव्हा गोड पुढे होतं आणि संत्रं मागे. रात्रभर राहिल्यावर पाक सगळीकडे सारखा पसरतो आणि सालीचा वास पुढे येतो. फ्रीजमध्ये ठेवू नका एक दिवस तरी, झाकून बाहेरच, फेब्रुवारीत काही होत नाही. उन्हाळ्यात मात्र ठेवावाच लागेल. सोबत साधं व्हॅनिला आइस्क्रीम, किंवा मला तर थोडं आंबट दही जास्त आवडलं.

आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये जीआय टॅग (हा माल याच भागातला अशी सरकारी ओळख) मिळाला, स्टेशनवर उतरल्यापासून सगळीकडे संत्र्याचीच चित्रं, पण घरात आपण संत्र्याचं करतो काय, सोलून खातो, रस काढतो आणि पाहुण्यांना संत्रा बर्फी विकत आणून देतो. भाजायच्या पदार्थात नागपुरी संत्रं कसं वागतं हे शिकवणारी मला तरी आजपर्यंत हीच एक जागा भेटली, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

पुढची बॅच मार्चच्या दुसऱ्या रविवारी आहे असं ताई म्हणाल्या. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) संत्री तेव्हा बाजारात असतात, जाताना दोन-तीन आपलीही घेऊन जा, कडक बघून, त्या तुमच्याच फळावर साल कशी किसायची ते दाखवतात.