स्वतंत्र कॅफे की साखळीची कॉफी: कोल्हापुरात कप निवडताना

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेले धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात कॉफीची पारखही दुधावरूनच केली जाते, आणि घरची कॉफी म्हणजे जायफळ घालून उकळलेली, साय धरणारी कॉफी अशीच आपली सवय असते. त्यामुळे राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कातल्या लहान कॅफेत नियमित जावे, की मोठ्या साखळीच्या दालनात, हे ठरवताना आपण सजावट आणि दर पाहतो. कपात नेमके काय पडते याची चौकशी मात्र क्वचितच करतो. खरा फरक तिथे आहे.

साखळी विकते ती एकसारखेपणा. कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान 1996 मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर उघडले आणि स्टारबक्स 2012 मध्ये टाटांच्या भागीदारीत मुंबईत आले. तेव्हापासून पुण्यात आवडलेले पेय दुसऱ्या शहरातही त्याच चवीचे मिळावे, ही अपेक्षा आपल्याकडेही रुजली. हा एकसारखेपणा साधण्यासाठी कॉफी सहसा गडद भाजली जाते, कारण गडद भाजणीत बियांच्या मूळ गुणांपेक्षा भाजण्याची चव वरचढ ठरते, वेगवेगळ्या मळ्यांतल्या मालाचा फरक झाकला जातो आणि दूध-साखरेतही कडवटपणा टिकून राहतो. अनेक साखळ्यांत यंत्रेही अशी असतात की बटण दाबताच दळण्यापासून अर्क उतरवण्यापर्यंतचे काम ती स्वतःच करतात, त्यामुळे नवख्या मुलाच्या हातूनही कप सहसा बिघडत नाही. याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

स्वतंत्र कॅफेत सगळी भिस्त माणसावर असते. साधारण 18 ग्रॅम भुकटीतून 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेला कॉफीचा दाट अर्क, उतरावा, हे ढोबळ माप सर्वत्र मानले जाते. परंतु ते साधण्यासाठी दळण किती बारीक असावे हे रोज तपासावे लागते आणि आषाढ-श्रावणातल्या आपल्या दमट हवेत तर सकाळी बसवलेले माप दुपारपर्यंत हलते. ज्या कॅफेचा मालक स्वतः यंत्रापाशी उभा राहून पहिला कप चाखतो आणि तो न जमल्यास ओतून देतो, तिथे कर्नाटकातल्या चिकमगळूर किंवा कोडगूच्या हलक्या भाजलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीमध्ये फळांसारखा आंबटपणा जाणवतो, जो गडद भाजणीत उरत नाही. काहींना हा आंबटपणा पहिल्यांदा दोषच वाटतो. तसे वाटले तर मध्यम भाजणीची कॉफी मागावी, लाजू नये.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे, कारण ‘स्वतंत्र’ या शब्दाला आपण उगाच पुण्याई चिकटवतो. शहरातल्याच एका देखण्या कॅफेत मी कॅपुचिनो मागितली, तर मुलाने डब्यातली साखरमिश्रित तयार पूड गरम पाण्यात कालवून, वर फेस आणि चॉकलेटची नक्षी घालून ती समोर ठेवली. दर मात्र ताज्या दळलेल्या कॉफीचा होता. त्या दिवसापासून मी आत शिरताना आधी ग्राइंडर शोधतो आणि मग बियांच्या पिशवीवर भाजल्याची तारीख आहे का ते पाहतो. ही तारीख काही दिवसांपासून सुमारे महिन्याभरापर्यंत जुनी असावी. ग्राइंडरही नाही आणि तारीखही नाही, अशा लहान कॅफेपेक्षा साखळी निश्चित बरी.

दुधाच्या बाबतीत कोल्हापूरचा लहान कॅफे खरे तर भाग्यवान आहे. म्हशीच्या दुधात साधारण 6 ते 7 टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात तो 4 टक्क्यांच्या आसपास आणि टोण्ड दुधात 3 टक्के. म्हणून म्हशीच्या दुधाची कॉफी दाट आणि गोडसर लागते, पण त्यात नाजूक कॉफीची चव बुडूनही जाते. जाणता कॅफेवाला गडद भाजणीला ते वापरतो आणि हलक्या भाजणीला पातळ दूध घेतो. ही मोकळीक ठरलेल्या कृतीने बांधलेल्या साखळीच्या दालनातल्या माणसाला नसते. मात्र दूध 60 ते 65 अंशांपर्यंतच तापवलेले असते, तेव्हा घरच्या सवयीने ‘कडक गरम’ मागून फेस आणि गोडवा दोन्ही घालवू नयेत.

साखरेचा हिशेब अधिक गंभीर आहे. स्टारबक्सचा टॉल कप 354 मिलिलिटरचा आणि ग्रान्दे 473 मिलिलिटरचा असतो, तर एस्प्रेसोचा एक शॉट जेमतेम 30 ते 40 मिलिलिटरचा. उरलेली जागा दूध, बर्फ, सिरप आणि क्रीम भरून काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरातली वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत आणि शक्यतो 25 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा चमच्यांत असावी; क्रीम घातलेले एक मोठे गोड पेय ही मर्यादा एकट्याने गाठू शकते. येथे साखळीच्या बाजूने एक मुद्दा आहे: दहा किंवा अधिक ठिकाणी दालने असलेल्यांना मेनूवर कॅलरी छापणे 2020 च्या नियमांनी बंधनकारक केले आहे, लहान कॅफेला नाही. आइस्क्रीम घातलेली आपली स्थानिक कोल्ड कॉफी त्यामुळे निष्पाप वाटते. ती तशी नसते.

पैशांचे गणित सोपे आहे: आठवड्यातून तीनदा जाणाऱ्याला दर कपामागे 100 रुपयांचा फरक पडत असेल, तर महिन्याला सुमारे 1200 रुपये होतात.

परगावचा पाहुणा भेटायचा असेल, लॅपटॉप उघडून तीन तास बसायचे असेल किंवा मुलांना थंड गोड पेय हवे असेल, तर साखळीत जावे. रोजच्या कॉफीसाठी मी स्वतंत्र कॅफे सुचवेन, पण परीक्षा घेऊन. दुपारच्या निवांत वेळी जाऊन बिनसाखरेची कॅपुचिनो मागावी आणि बिया कुठल्या आहेत हे विचारावे. उत्तर मळ्याच्या किंवा जिल्ह्याच्या नावाने आले आणि साखर न घालताही कप संपला, तर पुढच्या आठवड्यात गर्दीच्या वेळी पुन्हा जाऊन तोच कप मागावा.