अभ्यासाच्या वर्षातील फिटनेस बँड : काही महिन्यांच्या वापरानंतर

मुलगी बारावीला असून सोबत नीटची तयारी करते. जळगावात कॉलेज, क्लास आणि अभ्यासिका यांत तिचा जवळजवळ सारा दिवस बसून जातो, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्याच इच्छेने हा बँड घेतला.

पावलांच्या आकड्यापेक्षा आम्हाला अधिक उपयोगी पडली ती सलग तासभर बसल्यावर मनगटावर होणाऱ्या कंपनाची सूचना. अभ्यासिकेत ती सूचना मिळाली की मुलगी उठते, जिना उतरून पाण्याची बाटली भरून आणते आणि पुन्हा पुस्तक उघडते. एवढ्याने काय होणार, असे कोणालाही वाटेल. परंतु 2020 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील 4257 किशोरवयीनांच्या अभ्यासात, बाराव्या ते सोळाव्या वर्षांदरम्यान यंत्राने मोजलेले बसणे ज्यांचे अधिक होते त्यांच्यात अठराव्या वर्षी नैराश्याची लक्षणेही अधिक आढळली, तर साधी, हलकी हालचाल अधिक असलेल्यांत ती कमी होती. यावरून बसणे हेच कारण ठरत नाही, कारण मन उदास असले की मूल आपणहून हालेनासे होते. तरी यावलला आजीकडे गेल्यावर, कोणताही व्यायाम न करता, केवळ घर-अंगण आणि केळीच्या बागेतल्या फिरण्याने तिचे बसणे किती घटते, हे बँडवर दिसले तेव्हा मला तो निष्कर्ष पटला.

झोपेच्या बाबतीत निजण्याची आणि उठण्याची वेळ बँड बरी टिपतो. गाढ झोप किती, हा मात्र अंदाजच असतो, आणि निश्चल पडून जागे राहिलेला वेळही झोपेत धरला जातो. झोपेचे ‘गुण’ पाहून ती सकाळीच खट्टू होई, म्हणून ते पाहणे बंद केले. चौदा ते सतरा वयाला 8 ते 10 तास झोप लागते आणि या वयात झोपच उशिरा येते, हे घरातल्या मोठ्यांनी समजून घ्यायला हवे. आम्ही रात्रीचा अभ्यास आटोपता घेतला, संध्याकाळी मेहरूण तलावाकडे चालणे सुरू केले. चिडचिड कमी झाली, असे ती स्वतःच म्हणते.

‘तणाव’ दाखवणारा आकडा हृदयाच्या ठोक्यांवरून काढलेला असतो. त्यावर मुलांची मनःस्थिती ठरवू नये, त्यांना विचारावे. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या दूरध्वनी-सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे.

घेताना बसण्याची सूचना हवी तेव्हा बंद करता येते ना, आणि पट्टा सहज धुता येतो ना, हे पाहावे. आपल्याकडच्या उन्हात घामाने मनगटावर पुरळ येते.