ग्रँड थेफ्ट ऑटो ५ : काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

२०१३ साली कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर) आणि २०१५ साली संगणकावर आलेला, एका काल्पनिक शहरात मोकळेपणाने हिंडत गुन्हे करू देणारा हा गेम मी गेल्या दिवाळीत सवलतीच्या दरात घेतला. त्याला ६५ जीबीहून अधिक जागा लागते, त्यामुळे सोलापुरातील आमच्या घरच्या इंटरनेटवर तो उतरवून घेणे हीच पहिली परीक्षा ठरली. सुरुवातीचे काही आठवडे पदपथावर गाडी घालणे, दिसेल त्याला ठोसा लगावणे आणि पोलीस किती जोरात मागे लागले आहेत हे दाखवणारे पाचही तारे लागेपर्यंत धुमाकूळ घालणे, यातच गेले. मजा आली, हे नाकारत नाही.

ती मजा ओसरण्याचे कारण माझ्या मते गेमच्या रचनेतच आहे. पोलिसांच्या नजरेआड गेल्यावर तारे लुकलुकू लागतात, थोडा वेळ दडून राहिल्यास विझतात, आणि ज्या चौकात आपण हाहाकार माजवला तिथून नवी माणसे काहीच न घडल्यासारखी चालत असतात. मेलो, तर रुग्णालयाच्या दारात पुन्हा उभे राहायचे. थोडे पैसे कापले जातात, इतकेच. जे शहर काहीच लक्षात ठेवत नाही, त्याचे नियम मोडून मोडणार तरी किती? याच कंपनीच्या (रॉकस्टारच्या) २०१८ च्या रेड डेड रिडेम्पशन २ या गेममध्ये गुन्हा केल्यास त्या प्रांतात डोक्यावर इनाम लागते आणि ते फेडेपर्यंत पिच्छा सोडत नाही. विजापूर रस्त्यावरील मित्राकडे तो खेळताना बंदूक काढण्यापूर्वी माझा हात थबकत असे.

ग्रँड थेफ्ट ऑटोमध्येही जिथे बंधन आहे तिथला रस टिकला. जवाहिऱ्याच्या दुकानावरील दरोडा शांतपणे घालायचा की दणक्यात, हे आधी ठरवावे लागते. दुकानाची सुरक्षा यंत्रणा बंद पाडणारा साथीदार, म्हणजे हॅकर, स्वस्तातला घेतल्यास हाताशी वेळ कमी उरतो. हे नियोजन मला गोळीबारापेक्षा कितीतरी अधिक आवडले.

आता मी बहुतेक वेळा चालकाच्या नजरेतून दिसणारे दृश्य लावून, रेडिओ ऐकत, लाल दिव्याला थांबत गाडी चालवतो. (आमच्या सोलापुरातल्या सात रस्ता चौकात असे थांबल्यास मागून हॉर्नचा भडिमार होतो, तो भाग वेगळा.) संध्याकाळच्या उजेडातले डोंगराकडचे रस्ते आजही सुरेख वाटतात. केवळ मारधाडीसाठी घेणार असाल, तर पूर्ण किंमत मोजू नका, सवलतीची वाट पाहा. गेम प्रौढांसाठीचा आहे. शाळकरी पुतण्या मागतो, पण त्याला मी तो दिलेला नाही.