बारा बटणांचा माऊस, हंटरचा बोका आणि सातवं बटण: आठ महिन्यांनंतर

माऊसचं सात नंबरचं बटण गेलं म्हणून हे लिहायला बसलोय. गेलं म्हणजे बंद पडलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. हे एकदा दाबलं की दोनदा दाबलं जातं, तेही दर वेळी नाही, मनात येईल तेव्हा. आणि त्यापायी एका रात्री चार अनोळखी युरोपियन माणसांच्या शिव्या खाल्ल्यात, म्हणून जरा सविस्तर.

माऊस म्हणजे तो अंगठ्याखाली टेलिफोनसारखी बारा बटणं असलेला प्रकार. कंपनीचं नाव घेत नाही, वॉरंटीची लढाई नुकतीच हरलोय. ४,२०० रुपयांना सेलमध्ये घेतला. घेतला तो वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकसाठी, म्हणजे इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या गेमसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये विसाव्या वर्षानिमित्त नवे सर्व्हर निघाले, तेव्हा जुन्या मित्रांच्या नादाने परत हंटर काढला, म्हणजे पाळीव प्राणी (पेट) घेऊन लढणारा शिकारी. पेटला हुकूम द्यायच्या बटणांची पट्टी म्हणजे पेट बार, आणि पॅसिव्ह म्हणजे हल्ला न करता गप्प राहण्याचा हुकूम.

पेट म्हणून ब्रोकन टूथ. गेममधल्या बॅडलँड्स भागातला ३७ लेव्हलचा तो रेअर, क्वचित दिसणारा बोका, ज्याचा हल्ल्याचा वेग १.० आहे, म्हणजे सेकंदाला एक वार, आणि ज्याच्यासाठी लोक रात्र रात्र एका जागी बसून राहतात. मीही बसलो. नाव ठेवलं बंड्या. बंड्या मांस खातो, मासे खातो, पावाकडे ढुंकून बघत नाही. पोट भरलेलं असेल तर १२५ टक्के डॅमेज देतो, उपाशी असेल तर ७५. घरातली माणसंसुद्धा इतकी हिशोबी नसतात.

आता मॅक्रो, म्हणजे एका बटणावर बसवायच्या गेममधल्या हुकुमांच्या ओळी. पहिले दोन महिने मी पेट बारवर उंदराने टिचक्या मारत होतो, आणि तेवढ्यात शत्रू माझ्या छातीवर येऊन बसायचा. मग एकेक मॅक्रो लिहायला घेतले. हल्ल्याचा मॅक्रो एका ओळीचा: /पेटअटॅक, पुढे कंसात माऊसओव्हर, हार्म, नोडेड आणि त्याला चिकटून एक रिकामा कंस. कर्सरखाली जिवंत शत्रू असेल तर बंड्या तिकडे धावतो, नसेल तर टार्गेटवर. पेटचे हुकूम ग्लोबल कूलडाऊनमध्ये (एका कृतीनंतर दुसरीआधी सक्तीने थांबायचा वेळ) अडकत नाहीत, त्यामुळे हीच ओळ शत्रूवर खूण करणाऱ्या हंटर्स मार्कच्या मॅक्रोत वरती चिकटवली की एका दाबात दोन्ही कामं. परतीचा मॅक्रो: /पेटपॅसिव्ह, खाली /पेटफॉलो. संपलं.

एका मॅक्रोत २५५ अक्षरं मावतात. जागा आणि नवी ओळसुद्धा मोजून. लोक यावर कुरकुरतात, मला मात्र यात गंमत वाटली. माझे काका तार ऑफिसात होते, २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली तोवर त्यांच्या डोक्यात शब्द मोजण्याचंच यंत्र होतं. ‘येतो आहे’ हे दोन शब्द झाले, ‘येतोय’ लिही, एका शब्दाचे पैसे वाचले. तसंच इथे. ‘टार्गेट’ आणि बरोबरचं चिन्ह लिहायच्या ऐवजी नुसतं ‘अ‍ॅट’चं चिन्ह टाकलं की सहा अक्षरं वाचतात. ‘मॉडिफायर’ (शिफ्ट, ऑल्टसारखी कळ) याऐवजी ‘मॉड’. ‘/कास्ट’च्या जागी ‘/यूज’ चालतं, तिथेही एक अक्षर सुटतं. हे एक अक्षर वाचवून मिळणारं समाधान बायकोला समजावायचा प्रयत्न केला होता. तो सोडून द्या.

माझा सगळ्यात लाडका मॅक्रो म्हणजे बंड्याची देखभाल. एकच बटण: मेला असेल तर रिव्हाइव्ह (जिवंत कर), समोर नसेल तर कॉल (बोलव), लढाई चालू असेल तर मेंड (जखमा भर), नाहीतर फीड (खायला घाल). आणि शेवटच्या ओळीत /यूज, कंसात नोकॉम्बॅट (लढाई नसताना), पुढे रोस्टेड क्वेल (भाजलेला लावा पक्षी). म्हणजे आधी ‘खायला घाल’ आणि मग ‘काय घालू’ याचं उत्तर. मोजून बघा, सगळं धरून १३० च्याही आत बसतं.

दोन आठवडे हा मॅक्रो सोन्यासारखा चालला. मग एका रात्री बंड्या मेला, पाठोपाठ मीही मेलो, आणि स्मशानातून धावत परत आलो तोवर बंड्याचं प्रेत नाहीसं झालेलं. इथे खरी मेख आहे: प्रेत दिसत नसेल तर गेमच्या लेखी पेट ‘मेलेला’ नसतो, तो नुसता ‘नसतो’. त्यामुळे मॅक्रो रिव्हाइव्हकडे वळतच नाही, कॉल करतो, आणि वर तांबडी ओळ येते की तुमचा पेट मेलेला आहे. इथपर्यंत ठीक. पण कॉल फसला म्हणून मॅक्रो थांबत नाही, पुढची ओळ घेतो. पुढची ओळ म्हणते रोस्टेड क्वेल वापर. लढाई नाहीये, बंड्या नाहीये, मग वापरणार कोण? माझा हंटर शांतपणे मांडी ठोकून खाली बसला आणि बंड्याचा लावा पक्षी खायला लागला. मी परत बटण दाबलं. तांबडी ओळ, मांडी, जेवण. मागून बायकोचा आवाज: “ते मांजर मेलं ना? मग त्याचं तेरावं तूच जेवतोयस का?”

उपाय साधा आहे, सांगून ठेवतो. रिव्हाइव्हच्या आधी एक जादा कंस, त्यात नुसतं ‘मॉड’. म्हणजे ऑल्ट धरून दाबलं की सरळ रिव्हाइव्ह, प्रेत दिसो न दिसो. आणि शेवटच्या ओळीत नोकॉम्बॅटच्या पुढे स्वल्पविराम देऊन ‘पेट’, म्हणजे पेट हजर असेल तरच ताट वाढलं जाईल. एवढं करूनही १२७ अक्षरं होतात, निम्मी जागा शिल्लक.

शिफ्ट न म्हणता ऑल्ट म्हटलं, त्याला कारण आहे. माऊसची बटणं मी नंबरपॅडच्या आकड्यांना जोडली होती. विंडोजमध्ये नमलॉक चालू असताना शिफ्ट धरून नंबरपॅड दाबलं की तो आकडा राहत नाही, होम, एंड, बाण असलं काहीतरी होतं. तीन दिवस मी गेमला दोष देत होतो. बॉक्सबरोबर आलेल्या कागदावर पाच भाषांत ‘पाण्यात बुडवू नये’ लिहिलंय, हे लिहिलेलं नाही.

आणि माऊसच्या सॉफ्टवेअरमधलं ‘मॅक्रो’ हे वेगळं प्रकरण, त्याच्या नादी लागू नका. एका दाबात पाच कळा, मध्ये थोडीथोडी विश्रांती, असली आपोआप चालणारी मालिका गेमच्या नियमात बसत नाही, खातं जाऊ शकतं. एक दाब, एक कळ, एवढंच माऊसकडून घ्यायचं. डोकं गेममधल्या मॅक्रोत ठेवायचं. तिथेही तुमचं किंवा पेटचं रक्त किती उरलंय ते बघून मॅक्रोने स्वतः निर्णय घेण्याची सोय २००६ च्या अखेरीस काढून टाकली, आणि ते बरंच झालं. नाहीतर खेळायला आपली गरजच उरली नसती.

आता सातवं बटण.

सातवर होतं ग्राउल. एकटे फिरताना बंड्याने गुरगुरून शत्रू स्वतःकडे ओढायलाच हवा, पण पार्टीत टँक (शत्रूंचे वार स्वतःवर घेणारा खेळाडू) असताना तेच ग्राउल बंद हवं, नाहीतर बोका टँकच्या तोंडचा घास पळवतो. म्हणून मी /पेटऑटोकास्टटॉगल लावलं होतं. एकदा दाबा, बंद. परत दाबा, चालू. दिवाणखान्यातल्या दिव्यासारखं. इतकं सुटसुटीत की चार मित्रांना शिकवलं.

स्ट्रॅटहोम नावाच्या अंधारकोठडीतली रात्र. युरोपच्या सर्व्हरवर खेळतो, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या वर, तिकडचे संध्याकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा. आत शिरताना सात दाबलं, ग्राउल बंद, अशी माझी समजूत. पहिल्याच घोळक्यात एक शत्रू टँकला सोडून बंड्याकडे वळला. टँकने लिहिलं, ग्राउल बंद कर. मी परत दाबलं. खडखडाट झाला, पुढच्या घोळक्यात पुन्हा तेच. मी लिहिलं, बंद आहे. बंद नव्हतं. तिसऱ्या वेळी हीलर (सगळ्यांच्या जखमा भरणारा) मेला, आणि हीलर मेल्यावर काय होतं ते सांगायला नको. मी तोवर पिंगला, सर्व्हरला, बंड्याला, सगळ्यांना दोष देऊन झालो होतो. पार्टीतून काढलं तेव्हा दीड वाजला होता.

दुसऱ्या दिवशी नोटपॅड उघडला आणि सात शंभर वेळा दाबलं, मोजून. आकडे आले एकशे एकतीस. म्हणजे साधारण दर तिसऱ्या-चौथ्या दाबाला बटण दोनदा वाजतंय. आणि टॉगल दोनदा वाजलं की गोष्ट होती तिथेच! बंद, लगेच चालू. मला एक टिचकी ऐकू येते, गेमला दोन पोचतात. बाकीच्या मॅक्रोंना याचा काडीचा फरक पडत नव्हता. /पेटअटॅक दोनदा गेलं तर बोका दोनदा थोडाच धावतो? म्हणून महिनाभर कळलंच नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन. नाशिकमध्ये नाही, मुंबईला पाठवा, कुरियर तुमच्या खर्चाने. फोनवरचा मुलगा नम्र होता, पण त्याचा युक्तिवाद ऐका: “सर, एक बटण दोनदा चालतंय, म्हणजे चालतंय ना?” तरी पाठवला. एकवीस दिवसांनी त्याच खोक्यात परत आला, वर चिठ्ठी, दोष आढळला नाही. शंभरदा दाबून बघितलं असेल का कुणी? मला नाही वाटत. जाऊन-येऊन कुरियरचे २६० रुपये माझे. त्या तीन आठवड्यांत जुन्या दोन बटणी माऊसवर खेळलो, तेव्हा या बारा बटणी राक्षसाची किंमत कळली, हेही प्रामाणिकपणे सांगतो. बंड्याला परत बोलवायला कीबोर्डवर हात नेईपर्यंत तो पुढच्या खोलीतल्यांशी भांडण उकरून बसलेला असायचा.

वरचा मजकूर मागच्या रविवारी लिहून ठेवला होता, शेवटी ‘घेऊ नका’ असं लिहिणार होतो. आता थोडं बदलतो.

एक तर माझ्या लक्षात आलं की माऊस बिघडला नसता तरी तो मॅक्रो चुकीचाच होता. टॉगल दाबायला आत्ता चालू आहे की बंद हे आधी माहीत असावं लागतं, आणि रात्री दीड वाजता मला माझं नाव माहीत नसतं. म्हणून आता दोन ओळी: /पेटऑटोकास्टऑफ, कंसात नोमॉड, ग्राउल. खाली /पेटऑटोकास्टऑन, कंसात मॉड, ग्राउल. नुसतं दाबलं तर बंद, ऑल्ट धरून दाबलं तर चालू. दहादा वाजू दे, बंद ते बंदच. माऊस तसाच बिघडलेला असताना हा मॅक्रो आठवडाभर चालवला, बंड्याने एकदाही टँकच्या ताटात तोंड घातलं नाही. ज्या चार मित्रांना टॉगल शिकवलं होतं त्यांना फोन करून सांगितलं. दोघांनी सोडून दिलाय गेम, पण ऐकून घेतलं.

दुसरं म्हणजे आमच्या गल्लीतला मोबाईल दुरुस्तीवाला. त्याने माऊसच्या पोटाखालच्या रबरी पट्ट्या सोलल्या, चार स्क्रू काढले आणि अंगठ्याच्या बाजूची छोटी पट्टी बाहेर ओढली. बारा बारके टॅक्ट स्विच ओळीने, हरभऱ्याच्या डाळीएवढे. सातव्याच्या टोपीखाली तपकिरी, चिकट थर. त्याने नखाने खरवडून नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “दादा, चहा.” साखरेचा चहा. मी काही बोललो नाही. स्विच बदलून १२० रुपये घेतले. घरी येऊन नोटपॅडमध्ये शंभर दाबले, शंभर आले.

तर सर्व्हिस सेंटरबद्दलचा राग मी निम्म्यावर आणतोय, पूर्ण सोडत नाही. दोष होता, आणि तो आढळला नाही, हे खरंच आहे.

राहिलं एक. दहा, अकरा, बारा या बटणांपर्यंत माझा अंगठा पोचत नाही. आठ महिन्यांत पोचलेला नाही. ४,२०० भागिले बारा म्हणजे बटणामागे ३५० रुपये, तिघांचे झाले १,०५०. बाराव्यावर मी बंड्याला घरी पाठवायचा डिसमिस ठेवला होता, कारण अंधारकोठडीत कड्यावरून खाली उडी मारायच्या आधी पेटला पाठवून द्यावं लागतं, नाहीतर तो लांबच्या रस्त्याने वाटेतली सगळी वरात मागे घेऊन येतो. त्या डिसमिसला पाच सेकंद लागतात. त्यातली दोन बारा नंबर शोधण्यात जातात, आणि तोवर बाकीचे चौघे उडी मारून खाली पोचलेले असतात.